रॅमच्या खोक्यावरचा आकडा

गेमसाठी कॉम्प्युटर जोडणाऱ्या भाच्याचा अमळनेरहून फोन आला, ‘‘मामा, आठ हजारनी रॅम लेऊ का?’’ मला वाटलं, किंमत सांगतोय. पोरगा वेग सांगत होता; किंमत त्याने नंतर, जरा हळू आवाजात सांगितली.

‘डीडीआर ५’ ही रॅमची पिढी, डीडीआर ४ च्या पुढची. ‘डीडीआर ५-८०००’ म्हणजे रॅमच्या प्रत्येक डेटा-तारेवरून सेकंदाला ८०० कोटी बिट. आकडा खरा आहे. पण प्रोसेसरने मागितलेला पहिला बिट किती वेळात हाती येतो, ते त्यात नाही. त्यासाठी शेजारी बारीक अक्षरात छापलेला ‘सीएल’, म्हणजे किती ठोके थांबायचं तो आकडा, बघायचा. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, की नॅनोसेकंद मिळतात. ८००० ची सीएल ४० : १० नॅनोसेकंद. ६००० ची सीएल ३० : तेही १०. आणि जुनी डीडीआर ४, ३२०० ची सीएल १६? पुन्हा १०!

सावद्याहून दिल्लीला निघालेल्या केळीच्या गाडीला डबे दुप्पट जोडले, तर माल दुप्पट जातो. दिल्लीत पहिला घड मात्र ठरल्या वेळीच उतरतो. गेममध्ये प्रोसेसर बरेचदा इथला एक घड, तिथला एक घड मागत असतो. शिवाय नेहमी लागणारा माल तो स्वतःच्या कॅशमध्येच, म्हणजे पोटातल्या छोट्या मेमरीत ठेवतो. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये तर अशी ९६ एमबी एल३ कॅश आहे, त्यामुळे त्याला महाग रॅमचं फारसं कौतुक नाही. फोर-के, म्हणजे खूप बारीक तपशिलाच्या पडद्यावर खेळताना सगळी गाडी ग्राफिक्स कार्डापाशी अडते, आणि त्या कार्डाची मेमरी वेगळी असते. वेगळं कार्डच नसेल तर गोष्ट उलटी : चित्रही याच रॅममधून काढायचं, तिथे वेगाचा पैसा वसूल होतो.

त्याआधी फुकटातलं बघा. रॅमच्या एका कांडीऐवजी (पट्टीऐवजी) दोन घ्या, रस्ते दोन होतात. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा; त्यानेच रॅम खोक्यावरच्या वेगाने चालते. माझी ६००० ची रॅम आठ महिने ४८०० वर चालत होती; जोडून देणाऱ्याने ते बटण लावलंच नव्हतं आणि मीही विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून वेग पाहिला नव्हता.

आपल्याकडचा मे महिनाही हिशेबात धरा. रॅममधला बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळत राहतो, म्हणून डीडीआर ५ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णतेत गळती वाढते. त्यात वेगवान कांड्यांना १.१ ऐवजी १.३५ किंवा त्याहून जास्त व्होल्ट देतात. जळगावात ४५ अंश असताना अशी ताणलेली रॅम रात्री गुमान चालते आणि दुपारी गेम पाडते.

भाच्याला ६००० च्या, सीएल ३० च्या दोन कांड्या घ्यायला लावल्या. उरलेल्या पैशात कार्ड एक पायरी वरचं आलं.