पुनर्वसन : घराचं आणि अंगाचं

महाराष्ट्रात पुनर्वसन म्हटलं की आधी धरण आठवतं. बुडालेलं गाव, माळावरचे प्लॉट, सातबाऱ्यासाठी हेलपाटे. १९७६ पासून प्रकल्पग्रस्तांसाठी या नावाचा कायदाच आहे. मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीला, इजा झालेल्या माणसाच्या उपचारालाही आपण हाच शब्द लावला आणि घोळ तिथूनच सुरू झाला. ‘रिहॅबिलिटेशन’ या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात ‘पुन्हा सक्षम करणं’ आहे, आपल्या शब्दात ‘पुन्हा वसवणं’. वसवणं एकदा होतं. घर बांधलं, किल्ली दिली, फाईल बंद. कमरेखालचं अंग गेलेल्याची फाईल आयुष्यभर उघडी राहते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं झोपेत, भोवती दगडमातीच्या जाड भिंती. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. हा आकडा अनेकांना पाठ आहे. पण ज्यांचा कणाच भिंतीखाली सापडला, त्यांच्यासाठी नवं घर हे निम्मंच उत्तर होतं.

अशा इजेच्या उपचाराचा त्याआधीचा इतिहास थोडक्यात. प्राचीन इजिप्तच्या एका पपायरसात, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितात, मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या रुग्णासमोर ‘उपचार करू नये असा आजार’ एवढीच नोंद आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत फारसा फरक पडला नाही. माणसं कण्याच्या जखमेपेक्षा बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या संसर्गानं जायची. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा जखमी सैनिकांसाठी वेगळा वॉर्ड निघाला. तिथला मोठा शोध म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, मध्यरात्रीसुद्धा. औषध नव्हे, घड्याळ. १९४८ मध्ये तिथेच सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली आणि पॅरालिम्पिकची सुरुवात ती मानली जाते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सांगली जिल्ह्यातला एक जवान १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आला. पुढे १९७४ मध्ये पुण्यात खडकीला अशा जवानांसाठी केंद्र उभं राहिलं. साध्या नागरिकाला, म्हणजे विहिरीत किंवा झाडावरून पडलेल्याला, एवढी सोय सहज मिळाली नाही.

खरा वाद उद्दिष्टाचा. ‘चालता कधी येईल?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न, आणि अनेक वर्षं उपचारही त्याच प्रश्नामागे धावले. छातीच्या पातळीवर इजा असलेल्याला दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या धातूच्या पट्ट्या, बांधून समांतर दांड्यांमध्ये उभं करायचं. दहा पावलांत शर्ट घामानं भिजायचा. घरी गेल्यावर बरेच कॅलिपर कॉटखाली पडून राहिले. मला हा दोष रुग्णाच्या जिद्दीचा वाटत नाही, उद्दिष्ट ठरवणाऱ्यांचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या अपंगत्वाच्या वर्गीकरणानं शरीराच्या कार्यासोबत माणसाचा समाजातला सहभागही मोजायला घेतला, तेव्हा प्रश्न बदलू लागले. कॉटवरून व्हीलचेअरवर एकट्यानं जाता येतं का? दुकानात चार तास बसता येतं का?

तब्येत राखण्याचं गणितही त्यातच आलं. १९७२ च्या सुमारास दर काही तासांनी स्वतःच्या हातानं, फक्त स्वच्छ, निर्जंतुक नसलेला कॅथेटर (लघवीची बारीक नळी) घालून लघवी काढायची पद्धत पुढे आली. आधी अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या, पण पुढे कित्येक मूत्रपिंडं तिनंच वाचवली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन थोड्या थोड्या वेळानं बूड उचलायचं. रात्री हातातला आरसा मागे धरून माकडहाडावर लाली आली का बघायची, कारण तिथली जखम दुखत नाही, फक्त वाढते.

आपल्याकडे यात आणखी एक उद्दिष्ट येतं, जे परदेशी तक्त्यांत सहसा मागेच राहतं : व्हीलचेअरवरून जमिनीवर उतरणं आणि परत वर चढणं. जेवायची पंगत खाली असते.