बिजागरीवरून कारखाना ठरत नाही

‘मागच्या पिनची बिजागरी आणि हूक बघा, कारखाना कळतो.’ जर्मन नौदलाच्या युद्धकाळातल्या बिल्ल्यांबद्दल संग्राहकांत हे वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धंच खरं आहे. सारखेच हूक वेगवेगळ्या कारखान्यांच्या बिल्ल्यांवर सापडतात, आणि एकाच कारखान्याने ते बदललेलेही दिसतात. १३ ऑक्टोबर १९३९ ला सुरू झालेला पाणबुडी बिल्लाच घ्या, त्याचा तर धातूही बदलला: आधी टोम्बाक, म्हणजे पितळेच्या जातीचा मिश्रधातू, पुढे जस्त. शिवाय तुटलेली पिन कुणीही सोनार बदलून देतो. आईच्या ब्रोचची नाही का बदलली?

भिंग पुढच्या बाजूला लावा. गरुडाची पिसं, लॉरेलची पानं, पाणबुडीच्या कडा नीट बघा. साच्यातला बारीकसा ओरखडा त्यातून निघालेल्या बिल्ल्यांवर त्याच जागी उमटतो. तो कारखान्याची नाममुद्रा असलेल्या अस्सल नगाशी ताडून पाहा, मग मागची बाजू.