पिंजरा रिकामा राहिला म्हणून रोज जागा बदलू नका

"एकदा उंदीर सापडला की पिंजऱ्याला वास लागतो, मग दुसरा फिरकत नाही. पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवा आणि रोज जागा बदला." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

पटतो, कारण पिंजरा खरंच चार-चार दिवस रिकामा राहतो. पण दोष वासाचा नाही. मोठ्या जातीचा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. रोजच्या वाटेवर अचानक आलेल्या पिंजऱ्याला तो कित्येक दिवस वळसा घालून जातो. आपण जागा बदलली की पिंजरा त्याच्यासाठी पुन्हा नवा! म्हणून भिंतीलगत ठेवून आठवडाभर हलवू नका. सुरुवातीचे दोन-तीन दिवस दार उघडंच बांधून ठेवा आणि आत भजं, पोळीचा तुकडा ठेवून त्याला बिनधास्त खाऊ द्या.

लहान जातीच्या उंदराचं मात्र उलट. तो नवं काही दिसलं की हुंगायला येतो, पण बिळापासून फार लांब जात नाही. दोन-तीन रात्री पिंजरा रिकामा राहिला तर जागा जरूर बदला.

घरात कोणता आहे, हे लेंड्यांवरून कळतं: लहानाच्या तांदळाएवढ्या, मोठ्याच्या मनुक्याएवढ्या. शंका वाटली तर रात्री पिंजऱ्याभोवती कणकेचा पातळ थर भुरभुरवा. सकाळी पावलं पिंजऱ्याच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरलेली दिसली, तर जागा अचूक आहे, त्याला सवय व्हायचीय. कणीक कोरीच राहिली, तर त्याची वाट दुसरीकडे आहे. पिंजरा तिकडे न्या.

आणि चिचुंद्री सापडली तर बाहेर सोडून द्या. ती झुरळं खाते.