बर्फ नको, फळंच गोठवा : घरच्या फ्रोझन कॉकटेलसाठी ग्राहकांना माहिती

एप्रिल उजाडला की आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मिक्सरचं दुखणं बहुधा ठरलेलं असतं. एक तर कपलर (भांड्याला मोटरशी जोडणारा भाग) तुटलेला, नाहीतर ज्यूसरच्या पारदर्शक भांड्याला तडा. विचारलं की उत्तर येतं, "पाहुणे आलेले, बर्फ घालून फिरवला." दुरुस्ती हा आमचा धंदाच आहे, पण फळांचं कॉकटेल पाणचट ते पाणचट आणि वर कपलरचा भुर्दंड, हे काही बरं नाही. म्हणून हे पत्रक.

बर्फ वितळला की त्याचं पाणीच होणार आणि आंब्याची चव पातळ करणार. त्यापेक्षा फळाच्या फोडीच गोठवा. थंडावाही फळाचा, घट्टपणाही फळाचाच. शिवाय साखरेमुळे फोडीतलं सगळं पाणी गोठत नाही, त्यामुळे ती बर्फाच्या खड्याइतकी टणक होत नाही आणि पात्यांना झेपते.

फोडी कशा गोठवायच्या

फळ पूर्ण पिकलेलं घ्या. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, त्यामुळे अर्धवट पिकलेलं कलिंगड गोठवून सुधारत नाही. साधारण २ सेंटिमीटरच्या फोडी करा, कोरड्या फडक्यानं टिपून घ्या आणि स्टीलच्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरून फ्रीजरमध्ये ठेवा. ५-६ तासांनी कडक झाल्या की पिशवीत भरून हवा काढून टाका. एका दाराच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. ओल्या फोडी थेट पिशवीत कोंबल्या तर सगळ्यांचं एकच ढेकूळ होतं, मग घरात बत्ता शोधायची वेळ येते.

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत या दिवसांत मिळणारी बहुतेक फळं चालतात. कलिंगडाच्या बिया आधी काढा. हापूसच्या फोडी छान पडतात. पायरी रसाळ, तिचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. केळ्याच्या चकत्यांना लिंबू चोळा, काळ्या पडत नाहीत. तासगावकडची द्राक्षं तर अख्खी गोठवून ग्लासात बर्फाऐवजी टाकता येतात. फक्त लहान मुलांना ती अख्खी देऊ नका, घशात अडकतात. करवंदं-जांभळं आली की त्यांचा गर बिया काढून गोठवा. तो रंग दुसऱ्या कशाला येत नाही.

न शिजवलेला अननस आणि पपई मात्र दुधात घालू नका. त्यांच्यातली पाचकद्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात, दूध फाटतं किंवा कडवट होतं. गोठवून ती निकामी होत नाहीत, उकळल्यावर होतात. म्हणून अननसाच्या फोडी साखरेत शिजवून गार करा, नाहीतर दुधाऐवजी संत्र्याचा रस वापरा.

मिक्सरमध्ये घालताना

पातळ पदार्थ आधी, मऊ फळ त्यानंतर, गोठलेल्या फोडी सगळ्यात वर. उलट घातलं की पाती फोडींत रुततात. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. बटन डावीकडे फिरवून थांबत थांबत झटके द्या, मग सलग अर्धा मिनिट. मशीन मध्येच गप्प झालं तर घाबरू नका. प्लग काढा, थोडं गार होऊ द्या आणि बुडाचं लाल बटन दाबा. पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर भांड्यात माल जास्त आहे.

दोन मोठ्या ग्लासांसाठी कलिंगडाच्या ३ वाट्या फोडी, एका लिंबाचा रस, पुदिन्याची ५-६ पानं, चिमूटभर सैंधव आणि पाव वाटी गार पाणी. आंब्याचं करायचं तर २ वाट्या फोडी आणि पाऊण वाटी गार दूध. साखर चाखूनच घाला. आपल्या पद्धतीचं कॉकटेल हवं असेल तर उंच ग्लासात तळाशी हे घट्ट मिश्रण, त्यावर चिकू आणि डाळिंबाचे दाणे, पुन्हा मिश्रण, वर व्हॅनिलाचा गोळा आणि काजू. रंकाळा तलावावर फिरून आल्यावर यापुढे काही सुचत नाही!

दारू घालून जमेल का, हेही दबक्या आवाजात विचारलं जातं. घरच्या फ्रीजरमध्ये कडक दारू गोठत नाही, त्यामुळे मिश्रण सैल पडतं. इथली मापं बिनदारूची आहेत.

बाहेरून बर्फ आणावाच लागला तर निळसर रंगाचा घेऊ नका. २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे.

उरलेलं मिश्रण डब्यात गोठवून काट्यानं खरवडून खा. तो दगड परत मिक्सरमध्ये घालू नका. लाईट जाऊन फोडी पूर्ण वितळून कोमट झाल्या असतील तर पुन्हा गोठवू नका.

आणि कपलर बदलायला येताना भांडं आणि मशीन दोन्ही आणा. त्याचा एक भाग भांड्याच्या बुडाला असतो आणि दुसरा मशीनवर. दोन्ही जुळवून पाहिल्याशिवाय नवा बसवता येत नाही.