पार्श्वभूमी: सांगलीतली लॉकडाऊनमधली डेथ मेटल आणि ‘ड्रम्स’पुढचं नाव

सांगलीतून २०२० च्या डिसेंबरात निघालेल्या एका डेथ मेटल (गुरगुरत गायलेलं, अतिवेगवान रॉक) डेमोवरून, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या रेकॉर्डिंगवरून, सध्या जी वादावादी चालू आहे, ती सगळी श्रेयनामावलीतल्या एका ओळीवरून आहे. ‘ड्रम्स’ या शब्दापुढे माणसाचं नाव छापलंय आणि डेमोत माणसाने काठीने मारलेला एकही ठोका नाही. बँडचं नाव ज्यांना माहीत आहे त्यांना आहेच, इतरांना त्याने फरक पडत नाही. मंडळी ओळखीची असल्यामुळे इथे कुणाचंच नाव घेत नाही.

डेथ मेटलचा मूळ इतिहास थोडक्यात. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांनी एक अल्बम काढला, १९८७ मध्ये फ्लोरिडाच्या एका बँडने त्या आवाजाला पक्का आकार दिला. मग टॅम्पामधला एक स्टुडिओ आणि स्टॉकहोममधलं एक स्वस्त डिस्टॉर्शन पेडल (सगळी बटणं पूर्ण उजवीकडे) यांनी १९९० च्या आसपासचा नकाशा ठरवला. कॅसेटी पोस्टाने फिरायच्या. आपल्याकडे नव्वदच्या सुरुवातीला बेंगळुरूत पोरं हे वाजवत होती. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनाने रॉकला छप्पर नसलेलं का होईना पण घर दिलं होतं, ते शांतता क्षेत्राच्या नियमाने पुढे काढून घेतलं. सांगलीपर्यंत यातलं जे आलं ते पुण्याच्या हॉस्टेलांतून, मार्करने नाव लिहिलेल्या सीडींवर.

इथे गाण्या-वाजवण्याची कमतरता कधीच नव्हती. १८४३ पासून नाट्यपंढरी म्हणवून घेणारं गाव आहे, आणि शेजारी मिरज म्हणजे सतारीचं माहेर. पण गिटार गळ्यात अडकवून ओरडणाऱ्याला जागा म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग, तेही मराठी गाणी आणि फिशपाँडच्या मधली पंधरा मिनिटं. बँड व्हायचे, चौथ्या वर्षाला कॅम्पस इंटरव्ह्यू व्हायचे आणि बँड पुण्याला जाऊन विरघळायचे. हिंजवडीने सांगलीचे जितके गिटारिस्ट गिळले तितके कुणी गिळले नसतील.

त्यात २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, पाणी ५७ फुटांवर गेलं. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ पाण्यात. ज्या तळमजल्यावरच्या खोलीत तेव्हा दोन-तीन बँड आलटून पालटून सराव करायचे, तिथला ड्रमसेट आठवडाभर गढूळ पाण्यात होता. झांजा घासूनपुसून निघाल्या. शेल (ड्रमची गोल धडं) मात्र लाकडी प्लायची. थर सुटून त्यांची पुस्तकासारखी पानं झाली, आणि बेस ड्रमच्या आत बोटभर गाळ वाळून बसला होता. नवीन सेट कुणी घेतला नाही. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. वाद घालणारे बहुतेक जण ती सोडून देतात.

लॉकडाऊन लागला तो २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याला. त्याच आठवड्यात इस्लामपूरच्या रुग्णांमुळे सांगली जिल्हा राज्यभर बातम्यांत होता, त्यामुळे इथली धास्ती जरा जास्तच. पण हिंजवडीने नेलेली पोरं लॅपटॉपसकट घरी आली. दिवसा कंपनीचं काम, रात्री घरच्यांनी दार लावून घेतलेलं. दहा वर्षांत पहिल्यांदा चार मेटलवाले एका वेळी एकाच पंचक्रोशीत होते: एक विश्रामबागेत, एक मिरजेत, एक गावभागात आणि ड्रमर जयसिंगपुरात.

जयसिंगपूर सांगलीपासून दहा-बारा किलोमीटर. पण अंकलीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, कोल्हापूर लागतं. जिल्हा ओलांडायला ई-पास. पाससाठी मृत्यू हे कारण चालायचं, डेथ मेटल नाही. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला ई-पासची अट उठली. ही तारीखही लक्षात ठेवावी.

ऑनलाइन एकत्र वाजवू, असं सगळ्यांनाच आधी वाटतं. हिशेब केला की उत्साह उतरतो. मिनिटाला २२० मात्रांच्या वेगात पाव मात्रेचा एक ठोका साधारण ६८ मिलिसेकंदांचा. घरगुती वायफायवरून आवाज जाऊन-येऊन त्याहून जास्त वेळ सहज खातो. म्हणजे तुम्ही ऐकता तो स्नेअर (कडकडीत वाजणारा छोटा ड्रम) समोरच्याने एक ठोका आधीच मारलेला असतो. भजनाला चालेल कदाचित, ब्लास्ट बीटला (ड्रमच्या अखंड वेगवान माऱ्याला) नाही. म्हणून जगभर जे झालं तेच इथे झालं: एकाने क्लिकवर (कानात चालणाऱ्या ठेक्याच्या टिकटिकीवर) गिटार वाजवायची, फाइल ड्राइव्हवर टाकायची, दुसऱ्याने तिच्यावर बेस चढवायचा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट मिळणारं होतं. साठ दिवसांनंतरही ते चालू राहतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर अधिक बोलायला नको.

गिटार ‘बी’पर्यंत उतरवल्यावर जाड तारा लागतात आणि मूळ नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा त्यांना पुरत नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तेव्हा कामं थंडावलेली. तिथल्या एका कारागिराने कानशीने खाचा रुंद करून दिल्या, पण तार कडेला जराशी झणझणली तेव्हा त्या कारागिरांना ती झणझण आवडली. आयुष्यभर हस्तिदंती किंवा हाडाच्या घोडीवर जवारी काढण्यात गेलेलं, झणकार यावा म्हणूनच. ‘हे काढून टाकायचंय?’ असं त्यांनी दोनदा विचारलं. काढून टाकायचं होतं.

आवाजाचं म्हणाल तर गुरगुराट रेकॉर्ड झाला तो कपाटात, रजया आणि गोधड्या लावून. तेही दुपारी, मिक्सर-कुकर चालू असताना. रात्री केलं तर भिंतीपलीकडच्यांना खोकल्याची उबळ वाटायची, आणि त्या दिवसांत खोकल्याची खबर सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत जायला दहा मिनिटं पुरायची.

आता ड्रम. सेट पुरात गेलेला, ड्रमर पुलापलीकडे. त्याने गिटारची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी चाल) ऐकायची आणि व्हॉट्सअॅपवर तोंडाने ठेका पाठवायचा: ‘डुगुडुगु’ म्हणजे डबल बेस, ‘टा’ म्हणजे स्नेअर, ‘श्श’ म्हणजे झांज. तबल्याचे बोल जसे, तसेच. सोबत टेबलावर बोटं आपटतानाचा व्हिडिओ. ते ऐकून बेसवाला एकेक ठोका मिडीत (कोणता ठोका कधी वाजवायचा ते संगणकाला सांगणाऱ्या फाइलमध्ये) भरायचा. प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ असा जोर देता येतो. नवखा माणूस सगळे १२७ वर ठेवतो आणि टाइपरायटर चालल्यासारखं ऐकू येतं. इथे तसं झालं नाही. ड्रमरचा डावा हात उजव्यापेक्षा हलका पडतो, म्हणून ब्लास्टमधला दर दुसरा ठोका मुद्दाम उतरवला, काही ठोके चार-पाच मिलिसेकंद मागे सरकवले. फिलच्या (दोन भागांमधल्या छोट्या भरावाच्या) शेवटी तो जिवंत वाजवताना नेहमी घाई करतो, तीही घातली. त्याला फाइल पाठवली तेव्हा तो म्हणाला, ‘हा मीच आहे की.’

यावरून नाव छापलं. बाजूने बोलणारे म्हणतात की रचना त्याची, हाताचा ढंग त्याचा, मग नाव कुणाचं टाकायचं? विरोधक म्हणतात, ‘ड्रम्स’ म्हणजे ड्रम्स. ऐकणाऱ्याने तो माणूस वाजवतोय असं समजून दाद दिली. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे: ई-पासची अट सप्टेंबरात उठली, मिक्स ऑक्टोबरात झालं, मधले काही आठवडे कुणाचाही सेट मागून आणून वाजवता आलं असतं.

आलं असतं का? एक माइक असलेल्या पोरांनी ड्रम रेकॉर्ड करायचे म्हणजे बंद खोलीत पाच-सहा माणसं, भाड्याचे माइक, आणि तेही सप्टेंबरात. पहिल्या लाटेतला सगळ्यात वाईट महिना तोच, सांगली-मिरजेत बेड मिळत नव्हते. ‘अट उठली होती’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा पुण्या-मुंबईत होते.

यंत्राचे ड्रम ही डेथ मेटलमध्ये नवी गोष्टही नाही. न्यूयॉर्कजवळच्या एका बँडने नव्वदच्या दशकात ड्रम मशीनवरच अल्बम काढले आणि ते आज पूजले जातात. स्वीडनमधल्या एका मोठ्या मेटल बँडने २००५ चा अख्खा अल्बम प्रोग्रॅम केलेल्या ड्रमवर केला, हातात उत्तम ड्रमर असताना. फरक एवढाच की त्यांनी ते सांगून टाकलं. दुसरीकडे गेली वीस-पंचवीस वर्षं असंख्य ‘खऱ्या’ रेकॉर्डिंगांत ड्रमरने मारलेला ठोका काढून तिथे आधीच रेकॉर्ड केलेला नमुन्याचा ठोका चिकटवला जातो आणि संगणकातल्या ठेक्याच्या चौकटींवर (ग्रिडवर) सरळ केला जातो. तिथे श्रेयनामावलीबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. सांगलीच्या पोरांनी मात्र एका ओळीचा खुलासा द्यायला हवा होता, हे बाजूने बोलणारेही खासगीत मान्य करतात. तो दिला नाही, कारण यंत्राचे ड्रम म्हटल्यावर ‘बेडरूम प्रोजेक्ट’ असा शिक्का बसतो आणि त्यांना बँड म्हणून उभं राहायचं होतं.

डेमो बँडकँपवर (बँडना आपलं संगीत थेट विकता येतं अशा वेबसाइटवर) गेला. २० मार्च २०२० पासून तिथे काही शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडत होती, एरवी डिजिटल विक्रीत तो पंधरा टक्के. घेणारे बहुतेक परदेशातले. तिथले पैसे पेपलमार्फत यायचे. १ एप्रिल २०२१ पासून पेपलने भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सोय बंद केली, तेव्हा इचलकरंजीच्या पोराला सांगलीचा डेमो घ्यायचा तर यूपीआयने पैसे टाकायचे आणि डाउनलोडची लिंक मेसेजवर मागायची असा प्रकार सुरू झाला. जर्मनीतल्या माणसाला त्यापेक्षा सोपं पडत होतं.

वाद पेटला तो मंच उघडल्यावर. २२ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने पुन्हा सुरू झाली, पुण्यातले पब त्याआधीच. बोलावणी आली आणि ड्रमर पहिल्यांदा खऱ्या सेटवर बसला. दुसऱ्या गाण्यातल्या एका ठिकाणी राइड आणि हाय-हॅट या झांजा आणि टॉम हा ड्रम एकाच क्षणी पडतात आणि खाली ब्लास्ट चालू आहे. त्याला तीन हात लागतात. तोंडाने बोल म्हणताना हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुण्यात शेवटी ड्रम लॅपटॉपवरूनच लावले, ड्रमर घरी. प्रेक्षकांतल्या कुणी विचारलं, ‘ड्रम्सपुढे ज्याचं नाव आहे तो कुठाय?’ तिथून पुढचं सगळं.

गावात कार्यक्रम अजून झालेला नाही. २०२० च्या गणपतीत मंडळांच्या मूर्ती चार फुटांवर आल्या, मिरवणुका बंद, तेव्हा डॉल्बीवाल्यांचे बॉक्स ताडपत्रीखाली पडून होते आणि स्वस्तात मिळत होते. वाजवायला मात्र बंदी. आता बॉक्स परवडत नाहीत. आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंदचा नियम गणपतीत काही दिवस शिथिल होतो, गुरगुराटासाठी नाही. हॉलवाले परवानगीच्या अर्जात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ विचारतात. ‘पाश्चात्त्य वाद्यवृंद’ असं लिहिलं की निदान अर्ज परत येत नाही.

ऑनलाइन आवृत्तीत ती ओळ मागच्या वर्षी बदलली: ‘ड्रमरचना’ असं लिहून पुढे तेच नाव, खाली ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणून बेसवाल्याचं. ज्या थोड्या कॅसेट काढल्या होत्या त्यांवर जुनीच ओळ आहे आणि आता त्याच जास्त किमतीला मागितल्या जातात. दुसऱ्या रेकॉर्डिंगची तयारी चालू आहे, जयसिंगपुरात, खऱ्या सेटवर. वेग २२० वरून १९० वर आणलाय, कारण पाय तेवढ्यावरच स्वच्छ चालतात. गिटारवाल्याला हा वेग मान्य नाही.