शिंपल्यातलं विष मोजायचं कशाच्या हिशेबाने?

1987 च्या अखेरीस कॅनडात शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली. नुसत्या उलट्या-जुलाबांवर भागलं नाही. काहींची स्मरणशक्तीच गेली, काही दगावले. सगळा माल प्रिन्स एडवर्ड आयलंडचा, आपल्याकडच्या शिनाण्यांच्या जातकुळीतला.

त्या शिंपल्यांचा अर्क टोचल्यावर उंदीर मागच्या पायाने खांदा खाजवू लागले. तोवर माहीत असलेल्या शिंपल्यांतल्या विषांनी ते असं करत नसत. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या हॅलिफॅक्समधल्या प्रयोगशाळेत काही दिवसांतच छडा लागला: डोमोइक आम्ल. एक सूक्ष्म शैवाल ते तयार करतं, पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत ते साठतं आणि शिजवूनही जात नाही. गंमत म्हणजे जपानला हे रसायन आधीपासून ठाऊक होतं, तेही जंतांवरचं औषध म्हणून!

मग मर्यादा ठरली, किलोमागे 20 मिलिग्रॅम. त्याहून जास्त भरलं तर माल बाजारात येत नाही. पण 20 म्हणजे नक्की किती, हे यंत्राला कोण सांगणार? मिश्रणातले घटक वेगळे करणारी द्रव-क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमानावरून रेणू ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर दाखवतात तो फक्त आलेखावरचा उंचवटा. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात शिक्क्याचं वजन टाकल्याशिवाय मापाला अर्थ नाही, तसंच हे. इथलं वजन म्हणजे प्रमाणित संदर्भ पदार्थ, म्हणजे ज्यातलं विषाचं प्रमाण आधीच काटेकोर ठरवलेलं आहे असा नमुना.

तीच परिषद आज असे पदार्थ बनवून जगभर पुरवते. बनवणं मात्र किचकट. शैवाल वाढवायचं किंवा विषारी शिंपले गोळा करायचे, त्यातून विष वेगळं काढून शुद्ध करायचं, त्याचं प्रमाण स्वतंत्र पद्धतींनी पडताळायचं आणि काचेच्या इवल्याशा कुपीत सीलबंद करायचं. प्रमाणपत्रावर आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही छापतात. माझ्या मते प्रामाणिकपणा आहे तो या ‘अधिक-उणे’त.

तरी कुपीतलं स्वच्छ द्रावण पुरत नाही. शिंपल्यातले मेद, क्षार, प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरचा संकेत दाबतात; विष असून कमी दिसतं. म्हणून विषाचं प्रमाण आधीच ठरवलेला शिंपल्यांचा लगदाही संदर्भ म्हणून मिळतो. नेहमीच्या नमुन्यांसोबत तोही तपासायचा. त्याचा आकडा चुकला तर त्या दिवसाचे बाकीचे निकालही संशयास्पद.

एक संदर्भ पदार्थ तर जपूनच हाताळावा लागतो. लकवा आणणारं सॅक्सिटॉक्सिन हे रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या यादीत आहे. त्यामुळे ते बनवण्या-पाठवण्यावर कडक बंधनं आहेत.

पाण्याचं दुखणं वेगळं. ब्राझीलमधल्या कारुआरूत 1996 मध्ये डायलिसिसच्या पाण्यातून नील-हरित शैवालांचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष रुग्णांच्या रक्तात गेलं आणि पन्नासच्या आसपास जीव गेले. पिण्याच्या पाण्यात सगळ्या मायक्रोसिस्टिनांसाठी मिळून जागतिक आरोग्य संघटनेचं आयुष्यभराच्या वापराचं तात्पुरतं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोसिस्टिनचे दोनशेहून अधिक प्रकार सापडलेत. प्रमाणित कुप्या त्यातल्या मोजक्यांच्याच. बाकीच्यांसाठी प्रयोगशाळा जवळच्या भावंडाची कुपी वापरून अंदाज बांधतात.