मेलाय, की मरतोय?

काही कथांत शेवटच्या पानावर कळतं, नायक केव्हाच गेलाय. मग वाचक वैतागतो, "म्हणजे सगळं खोटंच होतं की!" दर वेळी तसं नसतं. मरता मरता मनात उमटलेला भास वेगळा आणि मेल्यावरही वावरणारा माणूस वेगळा.

भासाचा अस्सल नमुना म्हणजे अ‍ॅम्ब्रोज बिअर्सची १८९०ची आउल क्रीक पुलावरची कथा. फाशीचा दोर तुटतो, पेटन फार्कर नदीत पडतो, गोळ्या चुकवत घर गाठतो. बायकोला मिठीत घेणार, तोच मानेवर तडाखा बसतो. त्याचं प्रेत पुलाखाली झुलत असतं.

पण तीच पानं पुन्हा वाचा. घराकडे निघालेल्या फार्करची मान ठणकतेय, डोळे मिटत नाहीत, सुजलेली जीभ दातांबाहेर आलीय, पायांखाली रस्ता जाणवत नाही. बिअर्सने फासावरचं शरीर त्या चालणाऱ्या माणसाच्या अंगातच लपवलंय! म्हणून मी याला वाचकाची फसवणूक मानत नाही. अशा खुणा न ठेवता "ते स्वप्न होतं" म्हणून हात झटकले, तर ती फसवणूक.

'द सिक्स्थ सेन्स' (१९९९) या चित्रपटातला मानसोपचारतज्ज्ञ मात्र मेलेलाच आहे, त्याला ते ठाऊक नाही एवढंच. खरं कळल्यावर इथे काहीच पुसलं जात नाही. ज्या लहान मुलावर तो उपचार करतो, त्याच्याशी तो बोलला ते बोललाच, मुलाला धीर आला तो आलाच. बायकोचा अबोला तेवढा बदलतो. आधी तो राग वाटतो, नंतर कळतं, हॉटेलात ती टेबलाशी एकटीच बसली होती.

तेव्हा गोंधळ झाला, तर एवढंच पाहावं: नायकाच्या त्या वावराने दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात काही घडलं का? फार्करच्या बायकोला त्याच्या धावपळीचा पत्ताही नाही.

हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो'त (१९५५) तर धक्का शेवटापर्यंत राखूनही ठेवलेला नाही. बापाच्या शोधात आलेला मुलगा कादंबरीच्या मध्यावरच मरतो आणि त्यानंतर कळतं, आतापर्यंतचं सगळं तो थडग्यातून सांगत होता, त्याच थडग्यात पुरलेल्या दोरोतेआ नावाच्या बाईला. पुढेही दोघं बोलत राहतात. ती विचारते, वर पाऊस पडतोय, ऐकू येतोय का? त्याला वाटतं, आपल्यावरून कुणीतरी चालत चाललंय.